पूजेचा सोटा

देवेशने भिंतीवरचा सोटा काढला की कल्पिता आधी डोकं झाकायची. हात मोडला तर प्लास्टर तरी घालता येतं, हे ती मागच्या वेळी शिकली होती.

सोटा सासऱ्यांचा. मानपाड्याची शेती राखताना तो त्यांच्या हातात असायचा आणि घरी आले की सासूच्या, बायजाच्या पाठीवर. शेतावर बिल्डिंग झाली, सासरे गेले, सोटा राहिला. दर खंडेनवमीला बायजा तो आतल्या खोलीत न्यायची, भुंगा लागू नये म्हणून करंजाचं तेल चोळते म्हणायची आणि शेंदूर फासून पूजेला मांडायची.

यंदा पलंगाला भुंगा लागला, खाली पिवळा भुसा पडू लागला. पेस्ट कंट्रोलवाल्याने पलंग, कपाट, चौकटी, सगळ्यांत औषध भरलं. तो सोट्याकडे वळला तशी बायजा आडवी आली.

"त्याला हात नको लावू रं. पूजेचा हाय तो."

म्हातारीला सोट्याचीच काळजी, कल्पिता मनात चरफडली.

त्याच संध्याकाळी भाजी खारट झाली. देवेशने सगळा जोर लावून सोटा तिच्या पाठीत हाणला आणि तो मधोमध फुटला. मुठीत वीतभर तुकडा राहिला, बाकी सगळा भुसा.

"आई, अगं हा आतून पोकळ झालाय! तू तेल लावायचीस ना?"

बायजा सुनेच्या केसांतला भुसा झटकत होती.



"ही घरात आली तवापासून नाय लावला. भोकं दिसू नयेत म्हणून वरून नुसता शेंदूर फासतंय मी."