प्रमाण जोडी

कपाटात जुन्या मॉडेलचे सुटे ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरच्या आतले आवाज काढणारे भाग, नऊ होते. दोहोंच्या कागदी पडद्यांना बुरशी लागलेली, एकाची तार तुटलेली. उरले सहा. मोजणीबाईने सहाही एकेक करून रेकॉर्डिस्टच्या उजव्या स्पीकरमध्ये बसवून पाहिले. डाव्याच्या सगळ्यात जवळ आला तो चौथा. फरक १.६ डेसिबल.

"दोनपर्यंत चालतो," ती म्हणाली. "मर्यादेत आहे."

कारखान्यात तिला सगळे मोजणीबाईच म्हणत. तिची सही झाल्याशिवाय एकही स्पीकर दाराबाहेर पडत नसे.

रेकॉर्डिस्ट दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बसला होता. वीस वर्षं लोकांची गाणी रेकॉर्ड करत त्याचं पोट याच जोडीवर चाललं होतं. परवा हलवताना टेबलाचा कोपरा घुसून उजव्याचा पडदा फाटला. खाली विक्रीवाल्याने नवी जोडी निम्म्या किमतीत देऊ केली, तरी हा बधला नाही. "माझे कान या जोडीवर बसलेत हो," एवढंच म्हणत राहिला.

त्याने सोबत आणलेलं गाणं लावलं. एका बाईचा आवाज, साथीला काहीच नाही. असा आवाज समोरच्या रिकाम्या भिंतीच्या मधोमध उभा राहायला हवा. रेकॉर्डिस्टने डोळे मिटले आणि आवाज येत होता तिकडे बोट दाखवलं. बोट डावीकडे होतं. मध्यापासून चांगलं वीतभर.

"परत लावता?"

तिने परत लावलं. परत वीतभर.

मालक चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले. त्यांना सगळे काका म्हणत. "काय म्हणतात आमच्या मोजणीबाई?"

"मर्यादेत आहे, काका."

रेकॉर्डिस्टने चष्मा कपाळावर सरकवून यंत्रावरचा आकडा वाचला आणि कसंनुसं हसला.

"मग माझेच कान उतरले असणार. वय झालं आता." तो उठला. "द्या बांधून. संध्याकाळचं काम तेवढं हातावेगळं करतो आणि थांबतो. लोकांच्या गाण्यांची माती कशाला करा?"

तिने दोरी हातात घेतली. गाठ मारायला मात्र तिचा हात उचलेना.

प्रत्येक ड्रायव्हरची मापं जुन्या वहीत टिपलेली असत. त्याच्या डाव्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळणारा ड्रायव्हर तिने सकाळीच त्या वहीत शोधून काढला होता. तो याच खोलीत होता, कोपऱ्यातल्या प्रमाण जोडीत. या मॉडेलचा दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर त्या जोडीशी ताडून मगच बाहेर जाई. तिला कुणी हात लावायचा नाही, हा मोजणीबाईचाच नियम. असा ड्रायव्हर आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "तुमच्या कानांना काही झालेलं नाही. फरक आहे. तुम्हाला ऐकू येतोय, कारण तो आहे."

ती कोपऱ्यात गेली आणि प्रमाण जोडीवरचं कापड तिने ओढून काढलं.

काकांनी कप खाली ठेवला. "मोजणीबाई, ती जोडी जुळवायला मला आठ महिने लागले होते."

"माहितेय, काका."

"पडद्याचा तसला कागद आता मिळत नाही."

"तेही माहितेय."

"अहो, राहू द्या," रेकॉर्डिस्ट पुढे झाला. "माझ्यापायी एवढं—"

"तुम्ही जरा गप्प बसता का?" काका त्याच्याकडे न बघता म्हणाले. ते स्पीकरकडे बघत होते. मग ते मोजणीबाईला म्हणाले, "तो लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घे. स्क्रूंच्या खाचा झिजल्यात. घाई केलीस तर लाकूड उपसून येईल."

स्क्रू आठ होते. सातवा फिरेना. तिच्या कपाळावर घाम आला. काका गुडघे टेकून खाली बसले आणि स्पीकर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. स्क्रू करकरला, मग सुटला.

तो ड्रायव्हर रेकॉर्डिस्टच्या स्पीकरमध्ये गेला आणि कपाटातला चौथा प्रमाण जोडीत. तिने दोन्ही जोड्या दोनदा मोजल्या, वही उघडली, तारीख घातली आणि खाली लिहिलं:

रेकॉर्डिस्टची जोडी – फरक ०.२ डेसिबल.
प्रमाण जोडी – फरक १.७ डेसिबल.