जानी वेगळी बसली

एक कातर. परवा लागणारी बहिणीची हळद. साठ मेंढ्या. कळपापासून दहा पावलांवर एकटीच बसलेली म्हातारी जानी.

जानी आमची सगळ्यात जुनी मेंढी. पहाटे ती कळपाची ऊब सोडून लांब बसली, की थंडी सरली असं सासरे धरत. मगच लोकर कातरायची.

"बसली गं, सूनबाई! काढा कातर!" सकाळी ते ओरडले. कातरणी उरकल्याशिवाय मला माहेरी जाता येणार नव्हतं. मी पळतच कातर आणली.

"पाय नीट धर," नवरा हसला. "मन माहेरी पोचलं असेल, पण हात इथंच लागतील."

दुपारपर्यंत साठही मेंढ्या उघड्या, गुलाबी झाल्या. जानीनं पाल्याला तोंडही लावलं नव्हतं.

दिवस कलला आणि उत्तरेकडून वारा सुटला. माळावर आडोसा म्हणून एक झाड नव्हतं. मेंढ्या थरथरत एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसू लागल्या. सासरे जानीपाशी गेले, तिच्या अंगावरून हात फिरवला आणि तिथंच खाली बसले.

"थंडी सरली म्हणून नव्हती बसली गं ही. तापानं फणफणलीय."

"मामंजी, आता रात्री यांचं कसं व्हायचं?"

ते उठले आणि पालातल्या घोंगड्या बाहेर आणू लागले. घोंगड्या चार होत्या.

त्याच दिवशी पहाटे, सासरे उठायच्या आधी, मी जानीच्या कानाला हात लावला होता. कान चांगलाच तापलेला होता.