दुसरा हात

शालिकरामनं मागच्या कोपऱ्यातल्या नटावर पाना ठेवला, जरासा जोर दिला आणि पाना हलला. नट ढिला होता.

त्यानं मान वर केली नाही. पाना होता तिथंच धरून ठेवला. आतापर्यंतचे सगळे नट घट्ट होते, हा एकच सुटलेला. आणि इंजिन बांधलं होतं वसंतनं.

मनोहररावांच्या गॅरेजात एक रिवाज होता. ज्यानं इंजिन बांधलं, त्यानं शेवटची तपासणी करायची नाही. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ठोकळ्याचे, नट दुसऱ्यानं पाहायचे, आणि तो ‘ठीक आहे’ म्हणाला की मगच गाडीची चावी गिऱ्हाइकाच्या हातात. याला सगळे ‘दुसरा हात’ म्हणत. गेली अठरा वर्षं दुसरा हात शालिकरामचा होता. कुठला नट किती कमी पडलाय ते त्याच्या मनगटाला कळायचं. कॉटन मार्केटमागच्या त्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि शालिकरामला तर सगळ्यांत जास्त.

मग दोन वर्षांपूर्वी वसंत आला. आयटीआय झालेला. मखमल लावलेल्या खोक्यात त्याचा काटेवाला पाना असायचा, किती जोर लागला ते आकड्यात दाखवणारा. बघता बघता गिऱ्हाइकं आधी वसंतला विचारू लागली. मालक त्याला ‘वसंता’ म्हणू लागले. शालिकराम मात्र अठरा वर्षांत शालिकरामच राहिला. हेही त्यानं गिळलं असतं. पण दिवाळीत वसंत घरी फराळाला आला आणि शालिकरामच्या बायकोच्या, चंद्रकलाच्या, स्टोव्हच्या पंपाचं वायसर दहा मिनिटांत बदलून गेला. त्या वायसरसाठी ती सहा महिने नवऱ्याच्या मागे लागली होती. तेव्हापासून रोज सकाळी स्टोव्ह पेटला की वसंतचं नाव निघायचं. शालिकरामला घरचा चहासुद्धा कडू लागायला लागला. सरळ सांगायचं तर तो जळत होता, आणि जळतोय हे त्यालाही माहीत होतं.

त्यात मनोहरराव थकले होते. संक्रांत झाली की ते खाप्याला शेतावर राहायला जाणार होते. गॅरेज कुणाच्या तरी हाती सोपवणार, एवढंच बोलले होते. नाव घेतलं नव्हतं. शालिकरामनं पंधरा दिवस त्या एका नावापायी झोप घालवली होती.

आणि समोर ही मधुकरराव नावाच्या गिऱ्हाइकाची डिझेल अॅम्बॅसडर. आली तेव्हा जागोजागी तेल गळत होतं. वसंतनं चार दिवस खपून हेडचं गॅस्केट, वरच्या झाकणाचं बुचाचं गॅस्केट, पुढचं-मागचं ऑइल सील, सगळं बदललं होतं. सकाळी शालिकरामनं कुणाचं लक्ष नाही असं पाहून गाडीखाली पेपर अंथरला होता. तासाभरानं काढला तर एक डाग नाही. त्याला केवढं वाईट वाटलं होतं.

आता मात्र हा नट सापडला होता. संध्याकाळी मधुकरराव गाडी घेऊन कळमेश्वरला निघणार. जीव कुणाचा जाणार नव्हता. फार तर वाटेत पाणी उकळलं असतं, गॅस्केट उडालं असतं, आणि मधुकररावांनी रस्त्यात उभं राहून वसंतचा उद्धार केला असता. उद्या सकाळी मालकांच्या कानावर गेलंच असतं.

शालिकरामनं पाना उचलला. पुढच्या नटावर ठेवला, मग त्याच्या पुढच्या. सगळे पाहून झाल्यावर त्यानं फडक्यानं हात पुसले.

“ठीक आहे, मालक.”

मनोहरराव शेजारीच उभे होते. त्यांनी पाना घेतला, तो सरळ मागच्या कोपऱ्यातल्या नटावर नेला आणि नट ताणून घट्ट केला.

“हा मीच ढिला केला होता गा,” ते म्हणाले. “वसंता जेवायले बसला तेव्हा.”

त्यांच्या उस्तादानंही दुकान सोपवण्याआधी त्यांची अशीच परीक्षा घेतली होती म्हणे. आता नुसती रीत पाळायची होती, बाकी सगळं ठरलेलंच होतं. वसंतला भिलाईला नोकरी लागली होती. महिन्याभरापूर्वीच त्यानं मालकांना तसं सांगितलं होतं, आणि गॅरेज शालिकभाऊंनाच द्या असंही. मनोहररावांच्या मनातही दुसरं नाव कधी आलं नव्हतं.

ते स्टुलावर बसले. शालिकरामचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

“हात गेला गा तुहा,” ते हळूच म्हणाले. “माहे डोळे गेले, तुहा हात गेला. वय कोणाले सोडते?”

वसंत जेवणाचा डबा तसाच टाकून पुढं आला. एखाद्या वेळी कोणाचंही चुकतं, म्हणाला; हे काम मी शालिकभाऊंकडूनच शिकलो, गॅरेज त्यांनाच द्या. मालकांची मान हळूहळू होकारार्थी हलू लागली. शालिकराम आता नुसता गप्प बसला असता, तरी गॅरेज त्याचं होतं. म्हातारा झाला म्हणून, दया म्हणून, वसंतनं मागितलं म्हणून.

त्यानं मालकांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“हात नाही गेला, मालक,” तो म्हणाला. “हाताले समजलं होतं.”