आखूड काठी

“बांधून घातलेल्या मानसावर हात टाकायचा, ही कुठली रीत म्हनायची? लई माजलाय ह्यो हवालदार!”

खुर्चीत बसायच्या आधीच लंकाबाईनं तोंड सोडलं. घोडेगावच्या त्या हॉलमध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची सुनावणी होती. समोर समितीची तीन माणसं: दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि मंचरच्या वकील उज्ज्वलाताई. एका कडेला हवालदार गोकुळ, हातात लाठी, मान खाली घालून. त्याची बाजू मांडायला नुकतेच बदलून आलेले इन्स्पेक्टर सावळेराम.

“आजी, आधी बसा,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

“बसते. तुमी तेवढ्या बिनवर्दीच्या दिसता, म्हनून तुमच्याकडंच बघून बोलनार.”

“हे दोघंही आता वर्दीत नाहीत.”

“अंगातनं उतरलीय. डोक्यातनं उतरलीय का, त्ये बघू.”

दोघा निवृत्तांनी एकदम पाण्याचे ग्लास उचलले. उज्ज्वलाताईंनी हसू दाबलं. म्हातारीच्या मांडीवर घोंगडी होती आणि हातात एक आखूड काठी. टेकायला निरुपयोगी, पण ती सोडत नव्हती.

प्रकरण साधं होतं. खोडदचा जानकू मेंढरं घेऊन डिंभे धरणाच्या काठाला उतरला होता. जवळच्या शेतातली पाण्याची मोटार चोरीला गेली. संशयावरून जानकूला चौकीत नेलं, खिडकीच्या गजाला बांधलं आणि कानाखाली असं मारलं, की उजवा कान कायमचा गेला. पुढं मोटार मालकाच्या मेव्हण्याकडंच सापडली.

जानकू हॉलच्या दाराशी उकिडवा बसला होता. “मिटवून टाका, पुन्हा त्याच रस्त्यानं मेंढरं न्यायची हायेत,” एवढंच तो सकाळपासून म्हणत होता. साक्षीदार एकटी लंकाबाई. ती डगमगली की तक्रार कोसळली.

“जानकू तुमचा कोण?” सावळेरामांनी विचारलं. तक्रारदार, साक्षीदार, हवालदार, तिघांचंही आडनाव एकच होतं. पण तिकडच्या वाड्यांवर निम्मी घरं त्याच आडनावाची. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

“आमच्या वाडीचा. आई गेली तवापासनं माझ्या चुलीवर जेवलेला.”

“त्या दिवशी चौकीवर कशाला गेला होता?”

“डबा घिऊन.”

“खोडदहून इतक्या लांब? दोन एसट्या बदलून?”

“पोरगं घराबाहेर असलं की आईला लांब वाटत न्हाई, सायेब.”

“जानकूला धरल्याचं तुम्हाला आधीच कळलं होतं तर.”

“खिडकीत बघितलं तवा कळलं. डबा त्यानंच खाल्ला. उपाशी त्योच व्हता.”

सावळेरामांनी कागद चाळला. “मारणारा हाच, हे कशावरून? खिडकीतून चेहरा नीट दिसत नाही.”

“चेहरा कशाला पायजे? ह्यो डावखुरा. जेवतो तेवढा उजव्यानं. समोरच्याचा उजवा कान फुटला, तो कुनाच्या हातानं?”

उज्ज्वलाताईंना आठवलं, सकाळी गोकुळनं हजेरीची सही डाव्या हातानं केली होती. म्हातारीची नजर त्यांना फार आवडली. वकिलीत इतकी वर्षं गेली, पण असा साक्षीदार एकदाही मिळाला नव्हता.

“हवालदाराशी तुमचं जुनं वैर आहे का?”

“वैर असतं तर येवढा तरास घेतला नसता. घरी बसून चार शिव्या घातल्या असत्या.”

आता इन्स्पेक्टरांनी आवाज मऊ केला. “आजी, याची नोकरी जाईल. बायको आहे, शाळेत जाणारी दोन पोरं आहेत. घर उघड्यावर येईल. तुम्हाला बरं वाटेल?”

लंकाबाईनं काठीवरची मूठ आवळली.

“बरं कशाला वाटंल?” ती हळू म्हणाली. “पर त्याच्या पोरांची काळजी तुमी करू नगा. ती उपाशी न्हाई राहनार.”

“मग तुम्हाला नेमकं हवंय काय?” उज्ज्वलाताईंनी विचारलं.

“आमच्यात पोरगं मेंढरामागं जायला लागलं, की आई त्याच्या हातात काठी देती. दावं लावलेल्या मेंढीवर त्यानं ती उगारली, तर काठी परत घ्यायची. जिनं दिली तिनंच. दुसऱ्यानं हिसकावली तर त्यो तंटा व्हतो. जिनं दिली तिनं घेतली, तर न्याव.”

“इथं काठी सरकारनं दिलीय.”

“मंग सरकारनंच घ्यावी. पर सरकार म्हंजे ह्ये कमरेला पट्टा लावलेलं न्हवं. तुमी-आमी हावोत. म्हनून तुमच्या दारात आले, ताई.”

निवृत्तांपैकी एकानं चष्मा काढून पुसला.

समिती आतल्या खोलीत गेली आणि चहा निवायच्या आत बाहेर आली. तिघांचं एकमत झालं होतं: गोकुळवर गुन्हा नोंदवावा, निकाल लागेपर्यंत त्याला निलंबित करावं, जानकूला भरपाई द्यावी. सावळेरामांनी पुढं होऊन गोकुळच्या हातातली लाठी घेतली. दारातला जानकू, ऐकू येणारा कान पुढं करून, उभा राहिला.

उज्ज्वलाताई स्वतः उठून लंकाबाईजवळ आल्या. “आजी, तुमच्यासारखी चार माणसं प्रत्येक तालुक्यात हवीत.”

म्हातारीनं ते ऐकलंच नाही. ती गोकुळसमोर जाऊन उभी राहिली. काही भलतंसलतं होऊ नये म्हणून सावळेराम मध्ये सरकले, पण गोकुळनंच त्यांना हातानं बाजूला केलं. त्याचे डोळे त्या आखूड काठीवर खिळले होते.

लंकाबाईनं काठी त्याच्या डोळ्यांपुढं धरली, मग घोंगडीत गुंडाळली.

“सरकारनं त्यांची घेतली. ही बी आता तुला परत मिळायची न्हाई. जा, जानकूच्या पाया पड. त्यो ‘ऊठ’ म्हनला, तरच मला आये म्हन.”