आडवी सायकल

बसा की जरा. थांबलाच आहात तर एक गोष्ट ऐकून जा. फार लांब नाही, आणि खोटी तर मुळीच नाही.

एक लिफ्टवाला होता. म्हणजे लिफ्ट बिघडली की दुरुस्त करणारा. सव्वीस वर्षं लोकांना वरखाली केलं आणि स्वतः खालच्या खड्ड्यात वाकून ग्रीस लावत बसला. पाठ गेली. ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाला, "चाला, फिरा. पण एक दणका बसला ना, तर पाय कायमचे गेले समजा."

हा "बरं" म्हणाला. तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं. ताट पुढ्यात आलं की जेवायचं, दिवा घालवला की झोपायचं. बायको घरीच शिवणकाम करायची. मशीन चालू असली की हा भिंतीकडे बघत बसायचा. असे आठ महिने.

मग एक दिवस हा गडी स्वतःच एक सायकल घेऊन आला. साधी नाही. खुर्चीत मागं रेलायचं, पाय पुढं लांब करायचे आणि पायडल मारायचं. बायकोनं तोंडातली टाचणी काढली.

"हे काय, पलंगाला चाकं लावून आणलीत?"

"पाठीवर भार येत नाही म्हणे."

"पलंगावरपण येत नाही."

"अगं, घरात पडून पडून कंटाळलो."

"म्हणून आता रस्त्यावर जाऊन पडणार?"

पण तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या दिवसांत नवरा पहिल्यांदाच कशावर तरी भांडत होता. ती म्हणाली, "जा. पण उजेड आहे तोवर घरी. आणि तीन जिने स्वतःच्या पायानं चढून यायचं. मला माणसं गोळा करायला लावू नका."

हो, तीन जिने. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. हसा, हसा, तोही हसायचा पूर्वी.

सकाळी सहाला निघाला. धरणापर्यंत चाळीस किलोमीटर, परत चाळीस. अर्ध्या तासात एक दुधाची गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर धावत आला.

"काका, पडलात का? उचलू?"

"सायकलच अशी आहे. आणि काका कुणाला म्हणतोस? केस बघ स्वतःचे."

"आता झोपून चाललेला माणूस बघितल्यावर काय समजायचं आम्ही? हात तरी करत जा, ठीक आहे म्हणून."

"हा घे, केला. निघ."

पटलं त्याला ते. मग जो बघेल त्याला हा हात वर करू लागला. पानवाला, बसवाला, शेळ्या राखणारी बाई. लोकही हात करायचे. बसच्या फेऱ्या त्याच रस्त्यानं, गाड्या त्याच. दुपारपर्यंत तो रस्ता त्याला ओळखायला लागला. कुणी काही विचारायचं बंद झालं.

धरणावर पोचला. डबा खाल्ला. पाणी बघितलं. पाणीच होतं, दुसरं काय असणार?

पण परत फिरल्यावर एक गंमत झाली. चढावर घाम फुटला, वारा लागला, आणि त्याला वाटलं, हे घरी जाऊन हिला सांगायला पाहिजे. नक्की काय सांगायचं ते ठरेना. मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. उगीचच हसलाही एकदा.

पुढं उतार होता. सायकल जोरात सुटली. वळणावर वाळू पसरलेली. पुढचं चाक सरकलं, सायकल रस्ता सोडून बाजूच्या पाटाच्या कोरड्या चारीत उतरली आणि दोन्हीकडच्या मातीत रुतून सरळ उभी राहिली. गडी खुर्चीत जसाच्या तसा. खरचटलंसुद्धा नाही. फक्त खाली बूड एकदा दणकन आपटलं.

कुठं दुखतंय का बघितलं. दुखत नव्हतं. सुटलो म्हणाला. जरा दम खाऊ, मग उठू. फोन खुर्चीमागच्या पिशवीत होता, हात पोचेना. राहू दे म्हणाला.

एक मोटरसायकल आली. यानं हात वर केला. त्यानंही केला आणि गेला. बसमधून दोन पोरींनी हात केला. शेळ्यांवाली बाई पलीकडून हात करून गेली. मग सकाळचीच दुधाची गाडी आली. यानं दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, "करा आराम, काका," म्हणाला, आणि गाडी वळणाआड गेली. त्याची काय चूक? सकाळभर यानंच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

उठू, उठू म्हणत तीन तास झाले. सतरा जण गेले. अठरावे तुम्ही, आणि थांबलात एकटे तुम्हीच. थेट विचारायचा धीर होईना म्हणून एवढं लांबण लावलं, राग मानू नका. आता एक काम करा. मी डोळे मिटून घेतो. माझा डावा बूट काढा आणि अंगठा चांगला जोरात दाबा. दाबलात की तोंडातून शब्द काढू नका. कधी दाबलात ते मला सांगू द्या.