मिळालं का?

"पाठवलं," ती म्हणाली आणि फोन कानाशी धरून थांबली.

पलीकडे आत्या चष्मा शोधत होती. इकडे भाऊ दाराला टेकून हाताची घडी घालून उभा. अट त्याचीच होती. आत्याच्या इनबॉक्समध्ये एक तरी मेल सरळ पाडून दाखव. नाहीतर रविवारी बाबांचा सर्व्हर बंद आणि घरातल्या सगळ्यांचे मेलचे पत्ते दुसरीकडे.

बाबांनी मेल सर्व्हर घरीच चालवला, जिन्याखालच्या कॉम्प्युटरवर. कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हा हट्ट. त्यांचे मेल इतरांकडे कसेबसे पोचत. आत्याकडे मात्र नेमाने स्पॅमच्या कचऱ्यात. रोज सकाळी आत्या तो कचरा उपसून आपल्या दादाचं पत्र शोधायची आणि मग फोनवर त्यांची सालटी काढायची. बाबा पुन्हा काहीतरी दुरुस्त करत. "मिळालं का?" एवढंच लिहून पाठवत. पुन्हा कचरा.

बाबा गेले आणि त्यांच्यामागून कॉम्प्युटरही धापा टाकायला लागला. तिने सगळा सर्व्हर एका कंटेनरमध्ये बसवला. भरला डबा उचलावा तसा तो कोणत्याही मशीनवर नेता येणार होता. बसवताना तिने बाबांची ओळ न् ओळ तपासली. एक चूक सापडेल तर शपथ. मग मेल अडत कुठे होते? घराला इंटरनेटवर नंबर होता, पण त्यावर नावाची पाटी नव्हती. बिनपाटीच्या घरातून आलेल्या मेलवर कोण विश्वास ठेवणार? आणि ती पाटी फक्त इंटरनेट कंपनीच लावून देऊ शकत होती. मागितली तर.

मागणं बाबांना कधी जमलं नाही. बहिणीच्या घरीसुद्धा ते बेल वाजवत नसत. मागच्या अंगणातून, चपला हातात घेऊन, स्वयंपाकघराच्या दाराने येत. "कशाला कुणाला उठवायचं?"

तिने कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी बोलता बोलता नोंद करून दिली.

"एवढंच?"

"एवढंच. याआधी कुणी मागितलंच नाही."

आता फोनमधून माउसची टकटक येत होती.

"कचऱ्यात नाहीये गं," आत्या म्हणाली. "तळापर्यंत उपसला."

"झालं," भाऊ पुटपुटला. "आता तरी ऐक माझं."

तिने त्याला हातानेच थांबवलं. "आत्या, कचरा सोड. पहिल्या पानावर बघ. सगळ्यात वर."

टकटक थांबली. तिने सगळं बाबांचंच ठेवलं होतं. पाठवणाऱ्याचं नावही, मजकूरही.

आत्याने नाक ओढलं. भाऊ दारापासून सरळ झाला.

"मिळालं," आत्या म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा दादा पुढच्या दाराने आला."