सात नंबरची खाट

दुपारी दोनला माई पुढच्या पाळीच्या नर्सला वॉर्ड सोपवू लागली. मुलांच्या वॉर्डातली ही रोजची पद्धत. जाणारीनं प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायचं, येणारीनं लिहून घ्यायचं.

सात नंबरचा मुलगा सकाळी नऊला गेला होता. माईनंच त्याचं अंग पुसलं, केस विंचरले, त्याला बापाच्या हातात दिलं आणि चादर बदलून ती पुढच्या कामाला लागली. आठ नंबरच्या पोरीनं विचारलं, तेव्हा "घरी गेला गं" म्हणून मोकळी झाली. वर रोजच्यासारखी थट्टामस्करीही केली. रडायचं ते घरी, इथं बाकीची अकरा पोरं आपल्या तोंडाकडे बघत असतात, हा तिचाच नियम. नव्या नर्सना सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. तिच्या स्वतःच्या घरी मात्र दुसरं कुणी नव्हतं, आणि भिंतींपुढं रडायला तिला कसंसंच व्हायचं.

पाच नंबरची खाट झाली, सहाची झाली. माई सातपाशी आली.

"सात नंबर. सलाईन डाव्या हाताला. दूध कोमटच दे, साय दिसली की ओठ मिटून बसतो. सुई टोचताना शंभरपासून उलटे आकडे म्हणवून घे. नव्वदीला येईस्तोवर आपलं काम उरकतं."

बोलता बोलता तिनं खाटेवर हात टेकला, तो सपाट चादरीला लागला. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

समोरची नर्स तिच्याच हाताखाली शिकलेली. मुलगा गेल्याचं तिला आत येतानाच कळलं होतं. तिनं खाटेकडं पाहिलं, माईकडं पाहायचं टाळलं. वही काही मिटली नाही.

"आणि झोपताना, माई?"

आता गप्प बसावं, असं माईला वाटलं. पण अजून सांगायचं उरलं होतं.

"पायाशी दिवा लागतो," ती म्हणाली. "त्रास नाही देत. शहाणा आहे. फक्त त्याला एकटं ठेवू नकोस."

"नाही ठेवणार."

नर्सनं तेही लिहून घेतलं, आणि आठ नंबरकडं वळायची घाई केली नाही.